पुढे विचारायचं नाही

पायसांडूच्या सरकारी इस्पितळात, मागच्या अंगाला,
मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे पाचची पाळी.
पाच खुर्च्या, पाच यंत्रं,
आणि प्रत्येकाचा एक हात
चार तासांसाठी गहाण.

उरलेल्या हाताने जाड पुस्तक धरवत नाही.
पान उलटायला गेलं की यंत्र बोंब मारतं,
यामांडू धावत येतो, सुई बघतो, रागावतो.
म्हणून निबियाने कायदा केला:
पुस्तक घरी ठेवा, पहिली ओळ पाठ करून या.
एकच.
आणि पुढे काय, ते विचारायचं नाही.

आम्हाला जड गेलं नाही.
पाणी मापून पिणारी माणसं आम्ही.
घरात येर्बाच्या काढ्याचा भोपळा
हातोहात फिरत आपल्याला वगळून जातो,
आपण बर्फाचा खडा गालात धरून बसायचं.
चावायचा नाही. विरघळू द्यायचा.
तशीच ती ओळ.
जिभेवर ठेवली की थोडी ओल सुटते.

निबिया डोळे मिटून म्हणाली:
‘ज्या वर्षी नदीने आमचा जिना नेला,
त्या वर्षी मी खोटं बोलायला शिकले.’
नदी आमच्याही खालच्या आळीत शिरते,
कुणी काही बोललं नाही.

दोर्वाल, तीस वर्षं कत्तलखान्यात:
‘पोस्टमास्तरपेक्षा त्याच्या घोड्याला
जास्त लोक ओळखत.’
तो घोडा रविवारभर
माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

वाल्किरियाने भांडून पाककृतींचं पुस्तक घुसवलं:
‘आधी हात धुवा, मग कांद्याला माफ करा.’
हे काय पुस्तक आहे, दोर्वाल म्हणाला.
ती म्हणाली, तुझा घोडा शिजवायचा झाला
की येशील माझ्याच दाराशी.

मी माझी सांगितली
तेव्हा खोकल्याने तिचं शेपूट तुटलं.
बरंच झालं. तशी ती जास्त चांगली वाटली.

खिडकीजवळ एल्बियो. रेल्वेचा फाटकवाला.
गाड्या बंद झाल्यावरही दोन वर्षं
वेळेवर फाटक लावत होता, म्हणतात.
तीन आठवडे नुसता ऐकत होता.
मग एका गुरुवारी, छताकडे बघत:
‘कोंबडा आरवला नाही, तरी आम्ही उठलो.’
कुठल्या पुस्तकातली?
जुनं आहे, म्हणाला. मुखपृष्ठ फाटलंय.

वाल्किरियाची भाची वाचनालयात असते.
तिने कपाटं पालथी घातली. नाही सापडलं.

शनिवारी त्याने पुन्हा तीच सांगितली:
‘कोंबडा आरवला नाही, तरी गाव उठलं.’
मंगळवारी:
‘कोंबडा आरवला नव्हता, आणि आई उठली होती.’

चाळीस वर्षं मी वर्तमानपत्राची प्रूफं तपासली.
मेलेल्यांच्या नावातली वेलांटीसुद्धा
माझ्या हातून सुटली नाही.
छापलेली ओळ रात्रीतून बदलत नाही,
हे मला कुणी सांगायला नको.
मोकळ्या हाताची बोटं शिवशिवली,
समासात खूण करायला.
खुर्चीला समास नसतो.
गप्प बसले.

जून गेला. काचेवर दव,
नळीत आमचंच रक्त फिरून आमच्याकडे येतंय,
आणि दर पाळीला त्याचा तो कोंबडा:
कधी शेजारच्यांचा, कधी आंधळा,
एकदा तर कोंबडाच नव्हता, नुसती पहाट.
दोर्वालने माझ्याकडे बघितलं.
म्हणजे त्यालाही कळलं होतं.
म्हणजे सगळ्यांनाच.

काल शनिवार.
यामांडूने सुई टोचली, पट्टी चिकटवली, गेला.
एल्बियोने घसा साफ केला:
‘कोंबडा विकला त्या दिवशीही
आई त्याच वेळेला उठली.’

अकराच्या सुमाराला, सुया काढताना,
पुन्हा म्हणाला, स्वतःशीच.
अक्षराअक्षराने तीच.
काना नाही, मात्रा नाही, स्वल्पविराम हलला नाही.

निबियाचा कायदा भिंतीवर आहे, औषधाच्या खोक्यावर लिहिलेला.
तिच्याकडे न बघता मी विचारलं:
पुढे?