वर दोन

धाकट्या सुनेने हट्टाने नेलं
दाभोलीच्या रस्त्यावरच्या त्या इटालियन हॉटेलात.
माडाच्या सोडणांवर पेटलेली भट्टी,
तिच्यापुढे घामाघूम एक दाढीवाला.

चाळीस मिनिटं काही आलं नाही.
पाणी आलं, तेही तीनदा मागून.
मग आमच्याच वाडीतला,
खोबरेकराचा नीलकंठ,
काळा एप्रन लावून म्हणाला, "सॉरी, मॅडम."
मी मागे वळून पाहिलं, मॅडम कोण ते.

पिझ्झा आला. कड करपलेली, बूड खुसखुशीत.
चीज लांबतच गेलं. सून हसली.
मी बोटाला गुंडाळून तोडलं
जाळ्याचा दोरा तोडते तसं.
आणि मधोमध, तेलात न्हालेल्या,
बोटाएवढ्या चार.
"नीलू, ही मांदेली मा रे?"
"नाय गो मावशे," मॅडम विसरून तो म्हणाला,
"इटलीची आसा. बरणीतून येता."

चार. साडेपाचशेला.
सकाळी बंदरावर मी पन्नासचा वाटा लावला
तेव्हा हाच दाढीवाला
वीसला मागत होता.

खाल्लं मात्र सगळं. करपलेली कडसुद्धा.
खारवणारीच्या हाताला मिठाचा अंदाज होता,
कुठल्या का बंदरावरची असेना.

शेवटी नीलूने कागद दिला:
जेवण कसं, सेवा कशी,
पाच चांदण्या, हव्या तेवढ्या रंगवा.
सुनेने तीन रंगवल्या, मग नीलूकडे बघून चौथी.
मी पेन घेतलं नाही.
बिलाच्या पैशांवर दहाच्या दोन नोटा ठेवल्या,
गिऱ्हाईक वाटा उचलतं तेव्हा
वर दोन टाकते
तशा.