तिरकी ओळ

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे साडेचारला
प्रिंटर मासळीची यादी ओकतो:
होडीवाला, कॉड, किलो, भाव.
जुना प्रोग्राम अक्षरं नव्हे, बाइट मोजायचा.
बोआरुरच्या नावात एका अक्षराच्या माथ्यावर तिरकी रेघ,
आणि एक अक्षर असं, जे कुणी उच्चारतच नाही;
दोन्ही दुप्पट खायची,
म्हणून त्याचे किलो बाकीच्यांच्या किलोंहून
दोन घरं डावीकडे.
एकोणीस वर्षं.

रान्व्हानं हिवाळ्यात सगळं नव्या भाषेत लिहिलं.
महिरपी कंस, आत रुंदी, आकडे उजवीकडे टेकवलेले,
दशांशचिन्हापुढं दोनच अंक.
यादी आली ती ओळंबा लावल्यासारखी.
कॉफी गार झाली तरी ती स्वतःवर खूश.

बोआरुर आला, कागद हातभर लांब धरला,
पुन्हा जवळ आणला.
"माझी ओळ कुठंय?"
चष्मा तो होडीवर नेत नाही.
आत सरकलेली ती आपली, एवढंच त्याला ठाऊक.

तिनं समजावलं नाही.
त्या एका नावापुरती रुंदी दोननं कमी केली
आणि वर शेरा लिहिला:
ही चूक नाही. दुरुस्त करू नये.