परमिट

खुर्चीत बसण्याआधी निनावेकाका दरवेळी विचारतात,
"बाई, परमिट घेतलं का?"
मी म्हणते, घेतलं.
मग ते चष्मा चढवतात,
मुगाएवढा कॅमेरा मधोमध,
आणि हात मांडीवर ठेवतात, तळवे वर,
नुकत्याच खांबावरून उतरलेल्या माणसासारखे.

एकतीस वर्षं लाईनमन. आधी इतवारी, मग कामठी रोड.
पहिल्यांदा रात्रीची नजर गेली, मग कडा,
मग किल्लीच्या भोकाएवढं उरलं होतं तेही.
डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढून
मी समजावायला बसले, तर म्हणाले,
"समजलं. बल्ब उडाले.
पण सर्व्हिस वायर शाबूत हाये."
मी पेन खाली ठेवलं.

माझं काम त्या वायरीला शिवणं,
न जाळता.
साठ टिकल्या, एकेक मोहरीहून बारीक.
एका क्षणाचाही हजारावा भाग वीज आत,
आणि लगेच तेवढीच बाहेर.
थोडी जरी मागे राहत गेली
तर डोळ्यातलं पाणी फुटतं, बुडबुडा धरतो,
आंबतं आतल्या आत, प्लॅटिनम झिजतं,
आणि जिला उठवायला आलो
ती पेशी पुन्हा उठत नाही.
ठणका नाही, ठिणगी नाही.
भीती वाटते ती याचीच.

"म्हंजे न्यूट्रल," काका म्हणाले.
"गेलेली वापस आली पाह्यजे."

मेडिकल चौकाजवळच्या या खोलीत
कूलर ओल्या गवताचा वास फेकत असतो.
बाहेर सत्तेचाळीस.
याच टेबलावर तीन महिने, मिठाच्या पाण्यात,
अशाच टिकल्या बुडवून मी जागले होते
एक बुडबुडा दिसू नये म्हणून.

टिकली सतरा. दिसलं?
"नाई."
थोडं वाढवते. आता?
"नाई."
आता?
"थांब. हो. पिवळं. चण्याच्या डाळीएवढं.
डाव्या अंगाला. गेलं."
मी वहीत आकडा लिहिते. इथून सुरू.
आणि वर, लाल पेनानं, दुसरा:
याच्यापुढे नाही.
दोघांच्या मधली जागा
एवढीशी आहे. त्यात आम्ही राहतो.

जूनमध्ये ते म्हणाले, "डबल करून पाह्य ना.
दाराची चौकट दिसते, ट्यूबलाईट दिसते, हे झालं.
आमच्या गल्लीत आकडा कोन टाकून राह्यला
तेवढं दिसलं पाह्यजे."
मी हसले. ते हसले नाहीत.
आकड्याची तार यात कधीच दिसणार नाही, काका,
डबल केलं तरी. ठिपका मोठा होईल,
तार नाही होणार.
त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं
आणि मला एकदा,
एकदाच, वाटलं: लाल आकड्याच्या थोडं वर.
पाच मिनिटं. कोणाला कळणार आहे?

बोट बटणावर होतं की नव्हतं, आठवत नाही.
काकांनी आपलं आपणच सुरू केलं,
"ईश्वर धुर्वे म्हणून हेल्पर होता माह्या.
वर चढला होता. सबस्टेशनात फोनवर फोन.
मॅच चालू होती, लोकं शिव्या देऊन राह्यले होते.
परमिट वापस यायच्या आधीच
कोणीतरी लाईन चार्ज केली."
कूलरचा पंप घरघरला.
"दोन मिनटं. दोन मिनटं थांबले असते, बाई."

मी हात मागे घेतला.
नंतर नेहमीसारखंच: अठरा, एकोणीस,
वीस थोडी हट्टी.

दिवाळीनंतर एकेचाळीसचा रोध चढू लागला.
रोज थोडा. मग एकदम.
मी ती टिकली कायमची बंद केली.
उजव्या हाताला, कपाटाच्या कोपऱ्यात
जिथे काकांना ठिपका यायचा
तिथे आता येणार नाही.
काऊन, असं त्यांनी विचारलं नाही.
चष्मा पुसत म्हणाले,
"बोर्ड लाव तिच्यावर.
माणसे काम करीत आहेत."

वहीत 'कारण' असा रकाना आहे.
त्यात मी तेच लिहिलं,
खाली तारीख, वेळ, सही.