टिचकी

मुलाखतीत विचारलं, विमानच का?
म्हटलं, जरीमरीत आमच्या पत्र्यावरून जातात,
चाकं बाहेर काढून. चाकांवरचा चिखलसुद्धा दिसतो.
(थाप. चिखल दिसत नाही. पोट दिसतं.
आणि पोटावर रिव्हेटांची रांग दिसते,
असं मला सातवीपासून वाटत आलंय.)
हसले. घेतलं.

पहिलं वर्ष एका ब्रॅकेटचं.
पंख नाही, शेपूट नाही.
मागच्या संडासाखालून सांडपाण्याचा पाइप जातो,
त्याला धरून ठेवणारा
तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा.
आईने चाळभर सांगितलं, पोरगी विमान बनवते.
मी दुरुस्ती केली नाही.

विक्रोळीच्या सातव्या मजल्यावर, एसीत स्वेटर घालून
मी त्याची जाळी विणत बसायचे:
चौकोन, चौकोन, भोकाभोवती बारीक चौकोन,
कोपऱ्यात एखादा त्रिकोण, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.
पडद्यावर लाल उमटलं की पोटात गोळा.
कांगासाहेब चष्मा कपाळावर सरकवत म्हणायचे,
"रंगाला काय घाबरते? आधी हाताने कर.
कागद, पेन्सिल. मशीनला पण कोणी वडीलधारा पायजे ने."

हाताने केलं. शिल्लक आली शून्य दशांश शून्य चार.
म्हणजे येईल ते सगळं ओझं, त्याच्या दीडपट,
आणि त्याही वर शंभरात चार.
आमच्या घरी महिनाअखेरीस याहून कमी उरायचं.
मला ते पुष्कळच वाटलं.

बॅचमधला निनाद बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, दुप्पट पगारावर.
दोन दिवस कडू गेले.
खोटं कशाला, दोन महिने.

तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी, दिवे मालवता मालवता
कळलं की नकाशा बदललाय.
भोक कडेकडे सरकलंय,
आणि मी हिशेब जुन्यावर केलाय,
खाली माझी सही, रिपोर्ट रवाना.
नवा आकडा उणे होता.
भात गिळवेना. बाबा म्हणाले, कोणी बोललं का तुला?
कोणी नाही बोललं. तीच तर पंचाईत.

सकाळी सांगितलं. कांगासाहेबांनी विचारलं, "उणे किती?"
मग, "पत्र लिही."
चार ओळींना सबंध दिवस लागला.
तुळईची कड तीन मिलिमीटर रुंद झाली,
वजन वाढलं अकरा ग्रॅम.
ते विमान उडेल तोवर, प्रत्येक उड्डाणाला,
माझे अकरा ग्रॅम वाहून नेणार आहे,
इंधन जाळून.

त्यानंतर मला कलिनाच्या हँगरमध्ये धाडलं,
शिक्षा की बढती, विचारलं नाही.
तिथे तांडेल. कानात अत्तराचा फाया, हातात नाणं.
कंपोझिटच्या फळीवर ते टिचक्या मारत चालले होते,
टक टक टक टक
ठप.
"इथं थर सुटलाय. डोळे मीट, परत ऐक."

मला परत ऐकायची गरज नव्हती.
कुर्ल्याला बाबांचं डेंटिंगचं दुकान.
सुट्टीत मी डबा घेऊन जायचे, तेव्हा ते
टॅक्सीच्या दारावर बोटाची गाठ वाजवत जायचे,
आणि गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणायचे,
इथे पुट्टी भरलीय. फसवलंय तुम्हाला.
मी पुट्टी ओळखायला लागले तेव्हा
मला पाढे पुरते येत नव्हते.

नाणं घेतलं. पुढच्या फळीवर आणखी एक ठप शोधला,
तांडेलांच्या आधी.
"कुठल्या कॉलेजला शिकलीस हे?"
"गॅरेजला."
ते हसले नाहीत. खडूने कडं आखलं फक्त.

फॉर्म भरायला बसले.
जागा, तारीख, चाळीस बाय पंचवीस.
'तपासणी कोणी केली' या रकान्यापाशी
पेन जरा अडलं.
मग माझंच नाव लिहिलं. मधलं नाव मात्र
पूर्ण लिहिलं, नुसतं आद्याक्षर नाही.