मानसाचं दार

चोडणच्या बांधावर, खाऱ्या पाण्याला अडवणारं
मत्तीच्या लाकडाचं जे दार आहे
त्याला आमच्याकडे मानस म्हणतात.
भरतीला ते आपसूक मिटतं.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, तेव्हा उघडतं.
माझा नवरा, सगुण, त्या दाराची राखण करतो.
मी शाळेत मुलांना शिकवते, मानस म्हणजे मन.
बावीस वर्षांत हे दोन अर्थ
एका ताटात जेवले नाहीत.

पणजीच्या शिबिरात एका बाईंनी विचारलं,
घरचं माणूस चांगली बातमी घेऊन येतं
तेव्हा तुम्ही काय म्हणता?
वाईट बातमीला सगळेच धावतात, त्या म्हणाल्या,
चांगलीला कोण धावतं ते बघा.
मी वहीत उतरवून घेतलं.
मग पेन तसंच उभं राहिलं.

रात्रीच्या जाळ्यात सापडलेला चोणक
शेपूट जमिनीला टेकेल असा धरून
तो दारात उभा,
आणि मी : आधी पाय धुवा, फरशी पुसलीय.
कुळसंघानं त्याला बांधाच्या कमिटीवर घेतलं.
मी : मानधन किती?
एकदा म्हणाला, मानसाच्या खांबावर
खंड्या बसला होता, हाताच्या अंतरावर,
मी गेलो तरी हलला नाही.
मी म्हणाले, हं.
गॅस संपत आला होता बहुतेक.

भांडण असं कधी झालं नाही.
शेजारची फ्लाविया म्हणते, तुमचं घर कसं शांत.
शांत. हो.
आतलं पाणी कितीही तुंबलं
तरी बाहेर भरती असेल तर दार उघडत नाही,
हे त्यानंच मला सांगितलं होतं कधीतरी.
मी उत्तरादाखल भात वाढला होता.

परतीच्या फेरीबोटीत मी शिबिराचे कागद चाळले.
बरंच काही होतं, बाणांसकट, चौकटींसकट.
चोडणचा धक्का येईपर्यंत
त्यातला एकच शब्द माझ्या तोंडात मावला :
मग?

त्या रात्री तो म्हणाला, आज सुंगटं बरी मिळाली.
मी म्हणाले, मग?
तो दचकला. मग काय?
मग, कशी मिळाली? तुम्हाला काय वाटलं?
डॉक्टरकडे पाहतात तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि विचारलं,
पैसे हवेत का?

हसू आलं. रडूही आलं असतं,
पण हुमण उतू जात होतं.

पुढचे आठ दिवस तो काहीच बोलला नाही.
मीही दोनदा विसरले,
एकदा मुद्दाम.
नवव्या दिवशी अंगणात जाळं सोडवताना,
माझ्याकडे पाठ करून, तो सांगू लागला
की पाणी फिरायच्या आधी
घटकाभर दोन्हीकडून सारखं होतं,
दार धड उघडं नाही, धड मिटलेलं नाही,
नुसतं कुरकुरतं.
ती कुरकुर ऐकायला तो मुद्दाम लवकर जातो.
लग्नाच्या आधीपासून.
इतकी वर्षं मला वाटायचं,
घरी बसायचा कंटाळा म्हणून जातो.

मग?
मग काय, म्हणाला,
आणि सांगत राहिला.
जाळ्याची गाठ काही सुटेना.
मी खाली बसले, दुसरं टोक धरलं.

काल आमच्या चौथीतली मेलिता,
वर्षभर जिनं ओठ उघडले नव्हते,
उभी राहून पूर्ण धडा वाचून गेली.
घरी येऊन चप्पल काढायच्या आधी त्याला सांगितलं.
तो रेडिओचे सेल बदलत होता.
हं, म्हणाला.

मी आत गेले. तांदूळ धुतले.
दोनदा धुतले.
आधण ठेवायला वळले
तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो,
हातात एक सेल तसाच :
अगं, पण वाचलं काय तिनं?