लो-रेंज

"तो आखूड दांडा कशाला हवा तुला?
मुंबईत डोंगर कुठाय?"
कुर्ल्याचा इस्माईल हसला, ऑइलचे हात पुसत.
चाळीस हजारांचा फरक.

मी मनोरीचा.
ओहोटीच्या वाळूत, बर्फाच्या पेट्या लादलेली गाडी
रेस दिली की खोल जाते,
आणखी दिली की पोटावर बसते.
चारही चाकं फिरतात, हो.
फिरणं म्हणजे चालणं नव्हे.

बस्त्यावमामाची बैलगाडी रुतली की
मामा चाबूक खाली ठेवायचा,
जुवाजवळ नुसता उभा राहायचा.
बैल मान घालून
एक खूर उचलायचा.
बऱ्याच वेळानं
दुसरा.

"दे," म्हटलं, "दांड्यासकट."

आता हप्ते भरतोय.
भरतीशी अजून गाठ पडलेली नाही.