सुरक्षा-प्रश्न

शैक्षणिक तंत्रज्ञान मंडळ, सोहार.
लेटरहेडवर सभासद त्रेचाळीस,
आजमितीला देशात एकोणीस.
बाकीचे फायनल एक्झिटचा शिक्का घेऊन
आपापल्या विमानतळांवर उतरले,
पण यादीतून त्यांची नावं खोडायला
कुणाचा हात धजत नाही.

तसं आम्ही काम पुष्कळ केलं.
सहमच्या मुलींच्या शाळेत
स्मार्ट बोर्डावरचं प्लास्टिक पाच महिने तसंच होतं,
डाग पडू नये म्हणून.
ते सोलून काढलं.
शिनासला उस्ताद बशीर यांनी
लंबकाचा झोका मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोजून दाखवला,
आणि मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, पुन्हा.
एवढंच म्हणाला.
इतिवृत्तात मी तो शब्द तारखेसह लिहून ठेवलाय.

गुरुवारी संध्याकाळी, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत,
करकच्या कागदी कपांमध्ये
मी मंडळाची सचिव झाले.
टाळ्या वाजल्या.
खात्यानं मात्र मला आत घेतलं नाही.

पासवर्ड ईपेन सरांचा. ईपेन सर मार्चमध्ये गेले,
कोट्टायमला, घरी, कायमचे.
आणि सगळं त्या खात्यात:
अकरा वर्षांचे धडे,
झुवैनानं घसा बसलेला असताना रेकॉर्ड केलेली
अलिफ ते या.

पडद्यावर एकच ओळ:
तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव?

फोन लावला. तिकडे कुकरची शिट्टी,
मग कुकरही गप्प.
कुंजेली, ते म्हणाले. कुंजेली आशाट्टी.
अंगणात वाळू पसरायची,
माझं बोट धरायची आणि दाबायची.
वाळू भरड होती.
अक्षर दुखायचं.

सर, एल एक की दोन?
ते मला कसं ठाऊक, तिनं इंग्रजी कुठं शिकवलं?

एक एल: चूक.
दोन एल: चूक.
आता एकच संधी, मग खातं चोवीस तास बंद.
रोवेना म्हणाली, शेवटी वाय देऊन बघ.
इथल्या कीबोर्डांत वाळू असतेच,
वाय दोनदा दाबावा लागला.
उघडलं.

आणि उघडताच यंत्र म्हणालं,
आता तुमचा प्रश्न. तुमचं उत्तर.

जिंतूरला मोंढ्यामागे पत्र्याची बालवाडी,
दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा.
हिरवी काचेची बांगडी, एकच, दुसऱ्या हातात घड्याळ.
माझी पाटी ओल्या फडक्यानं पुसून
आपल्याच पदराला कोरडी करणाऱ्या
बाई.

नाव?

शकूताईला फोन केला. ती माझ्याआधी चार वर्षं
त्याच पत्र्याखाली बसलेली.
अगं, बाई म्हणजे बाई, ती म्हणाली,
बाईंना कशाला नाव असतंय?
मग जरा थांबून:
खरंच गं. काय होतं?
तिनं शेजारच्या लताकाकूंना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला.
भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ.
पहारेकरी दारात किल्ल्या वाजवत उभा.

मी लिहिलं, बाई.
यंत्र म्हणालं, तीनच अक्षरं, किमान सहा हवीत.
तीन अक्षरांत मावलेली बाई
मी पुन्हा एकदा लिहिली, पहिलीला जोडून.

झुवैना खांद्यावरून वाचत होती.
बाय-बाय? इतक्यात कुठं निघालीस?

नाही गं, म्हटलं, व्हिसा आहे पुढच्या ऑगस्टपर्यंत.

त्यानंतर जो कुणी सचिव होईल
तो मला फोन करील, कदाचित भलत्याच वेळी.
मी सांगेन.
स्पेलिंग सोपं आहे.

इतिवृत्त, शेवटची नोंद:
खातं उघडलं.
चहा, दोन रियाल चारशे बैसा.
बाईंचं नाव, चौकशी चालू.